रस्त्याचा सात-बारा

कोकणातून फोंडा घाट चढून आलेला देवगड-निपाणी मार्ग दाजीपूरच्या अरण्यातून राधानगरीकडे वळला, की त्याच्या दोहों अंगांस जितकी सरकारी खाती उभी राहतात तितकी एखाद्या शहराच्या भर पेठेतही क्वचितच आढळावीत. डांबराचा पृष्ठभाग सार्वजनिक बांधकाम खात्याचा. गव्यांच्या अभयारण्याची हद्द वनखात्याची. भोगावतीवरील धरण, त्याचा सांडवा आणि खालच्या अंगाचे बंधारे जलसंपदा खात्याचे. फाट्यावरून वाडीकडे फुटणारी वाट जिल्हा परिषदेची. आणि वाडीत शिरल्यावर देवळापर्यंत जाणारी गल्ली ग्रामपंचायतीची. विजेचे खांब, दूरध्वनीच्या तारा, नळयोजनेच्या वाहिन्या यांची दप्तरे आणखी निराळी. वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस झेलणाऱ्या या मुलखात पाणी मात्र यांपैकी कोणतीही हद्द जाणत नाही. ते डोंगरावरून उतरते, गटार तुंबले असेल तर साईडपट्टीवर येते, साईडपट्टी खचली की डांबराच्या कडेखाली शिरते, आणि ज्या खात्याचा त्या गटाराशी कागदोपत्री कसलाही संबंध नाही त्या खात्याचा रस्ता एका पावसाळ्यात नासवून टाकते.

अशा स्थितीत रस्त्यांच्या देखभालीचा विचार एकट्या रस्त्यांपुरता करावा, की धरणे, बंधारे, मोऱ्या, जलवाहिन्या, शाळा, दवाखाने अशा समस्त सार्वजनिक मत्तेच्या व्यवस्थेचे एक अंग म्हणून करावा, हा प्रश्न वरवर पाहता कचेरीतला वाटतो. परंतु त्यावर राशिवड्याच्या बंधाऱ्यापाशी मी जो संवाद ऐकला त्याने त्याचे गांभीर्य माझ्यापुरते तरी निश्चित केले. बोलणारी माणसे दोन होती. एक, बांधकाम खात्यात शाखा अभियंता म्हणून हयात घालवून निवृत्त झालेले राधानगरीचे एक वृद्ध गृहस्थ. आणि दुसरी त्यांची भाची, जी स्थानिक संस्थांच्या हिशेबतपासणीचे काम करते आणि जिला मामांच्या खात्याविषयी जितका आदर आहे तितकीच त्याच्या हिशेबाविषयी शंका आहे.

आरंभ बंधाऱ्यावरूनच झाला. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगितले पाहिजे, की नदीच्या पात्रात ठराविक अंतराने दगडी खांब उभारून त्यांच्या खाचांत पावसाळा सरताच फळ्या, म्हणजे इकडच्या भाषेत बर्गे, दोन रांगांनी बसवतात, मधल्या पोकळीत चिकणमाती ठासतात, आणि पुढचा पावसाळा तोंडावर आला की ते बर्गे काढून नदीला मोकळी वाट देतात. त्याच खांबांवरून माणसांची आणि वाहनांची ये-जा चालते. पाणी अडवण्यासाठी बांधलेली ही वास्तू अशा रीतीने दोन गावांमधला पूलही होऊन बसते, आणि जुलैच्या पुरात शिरगाव, तारळे, राशिवडे, हळदी या बंधाऱ्यांवर पाणी चढल्याच्या वार्ता वर्तमानपत्रांत येऊ लागल्या, की त्यांचा अर्थ नदीच्या पातळीइतकाच पलीकडच्या गावाची वाट बंद झाली असाही असतो.

“मामा,” भाची म्हणाली, “हा बंधारा जलसंपदेच्या दप्तरात पाणी अडवणारे बांधकाम म्हणून नोंदलेला आहे. त्याला येऊन मिळणारा भराव रस्त्याच्या खात्यात. पुराने भराव वाहून गेला तर बंधारा धडधाकट असूनही वाट बंद. आणि बंधाऱ्याचा खांब खचला तर नवे डांबर घातलेला रस्ता नदीच्या काठावर येऊन थांबणार. दोन्हींची नोंद एका पानावर कुठेच नाही. मग यंदा भराव आधी दुरुस्त करावा की खांब, हे ठरवायचे कोणी?”

मामांनी उत्तर देण्याची घाई केली नाही. त्यांचे म्हणणे असे, की रस्त्याच्या पृष्ठभागाचे शास्त्र हे एक स्वतंत्र शास्त्र आहे आणि ते इतर मत्तांच्या गर्दीत नेऊन टाकणे म्हणजे त्याचा बळी देणे होय. “आमच्या वेळी,” ते म्हणाले, “मागच्या आसावर आठ टनांहून थोडा अधिक भार असलेला ट्रक अगदी सावकाश पुढे घ्यायचा, बेंकलमनच्या तुळईने डांबर किती दबून किती परत वर येते ते मोजायचे, आणि त्यावरून वरचा थर किती जाडीचा हवा ते काढायचे. हे माप धरणाला लागू नाही, नळाला लागू नाही, शाळेच्या छपराला लागू नाही. अमेरिकेत इलिनॉयमधल्या ओटावा गावापाशी १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम रस्ते बांधून त्यांवर लष्करी चालकांकरवी ट्रक फिरवले, तेव्हा कुठे कळले की आसावरचा भार दुप्पट झाला तर रस्त्याची झीज दुप्पट होत नाही, ती जवळजवळ सोळापट होते. हे ज्ञान रस्त्याचे आहे. ते ज्याच्यापाशी आहे त्याच्याच हाती रस्ता असू दे.”

हे बोलताना त्यांचा रोख केवळ पुस्तकी नव्हता. या तालुक्यातून गळिताच्या हंगामात परित्याच्या भोगावती आणि बिद्रीच्या दूधगंगा-वेदगंगा कारखान्यांकडे उसाच्या गाड्यांची रीघ लागते. दुर्गमानवाडच्या पठारावरून बॉक्साइटचे ट्रक उतरतात. २०१८ साली केंद्र सरकारने चार चाकांच्या एकेरी आसाचा अनुज्ञेय भार १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेला. वाढ दिसायला आठव्या हिश्श्याची. पण मामांच्या चतुर्थघाताच्या नियमाने हिशेब केला तर त्या आसाखालची झीज दीडपटीहून अधिक होते. तो निर्णय वाहतुकीचा होता, आणि त्याची किंमत कोणत्याही रस्त्याच्या अंदाजपत्रकात आगाऊ धरलेली नव्हती.

भाचीने नेमका हाच धागा उचलला. “तुमचेच उदाहरण तुमच्याविरुद्ध जाते, मामा. भार वाढवणारे खाते वेगळे, ऊस गाळणारा कारखाना वेगळा, गटार साफ करणारी ग्रामपंचायत वेगळी, आणि यांतल्या प्रत्येकाच्या निर्णयाने झिजणारा रस्ता मात्र तुमचा. रस्त्याचे शास्त्र रस्त्याच्या कडेला संपत नाही. मी हिशेब तपासते तेव्हा काय दिसते सांगू? एकाच पट्ट्यात पहिल्या वर्षी कारपेट होते, दुसऱ्या वर्षी नळयोजनेसाठी चर खणला जातो, तिसऱ्या वर्षी चरावरच्या खड्ड्यांचे देयक निघते. तिन्ही कामांना प्रशासकीय मंजुरी आहे, तांत्रिक मंजुरी आहे, मोजमाप पुस्तिकेत नोंदी आहेत, आणि आक्षेप घ्यायला जागा एकाही दस्तऐवजात नाही. प्रत्येक दप्तर निर्दोष, आणि लोकांचा पैसा मात्र तीनदा गेला. हे नुकसान दिसेल असे पानच आमच्या वह्यांत नाही.”

तिच्या म्हणण्याला ग्रामपंचायतीच्या विहित नमुन्यांचाच आधार होता. त्यांत २२ वा नमुना स्थावर मालमत्तेचा, २३ वा ताब्यातील रस्त्यांचा आणि २४ वा जमिनीचा. रस्ता ज्या जमिनीवर आहे ती एका वहीत, रस्ता दुसऱ्या वहीत, आणि त्याच्या पोटातून जाणाऱ्या नळाची टाकी तिसऱ्या वहीत. याउलट महसूल खात्याकडे पाहावे. गावातला अर्ध्या गुंठ्याचा तुकडा असला तरी त्याला सात-बारा आहे. त्यावर मालक कोण, पीक कोणते, विहीर कोणाच्या हिश्श्याची, बोजा कोणत्या सोसायटीचा हे एका दृष्टिक्षेपात कळते. आणि काही बदलले तर फेरफार पडल्याशिवाय तो बदल सात-बाऱ्यावर चढतच नाही. “मला,” भाची म्हणाली, “रस्त्याचा असाच सात-बारा हवा आहे. किलोमीटरवार. वर डांबर कधीचे, किती थरांचे. खाली मोरी कितव्या साली बांधलेली. कडेने वाहिनी कोणाची, किती खोलीवर. गटार कोणाच्या जिम्म्यात. दोषदायित्वाची मुदत कधी संपते. आणि कोणीही कुदळ मारली, तर फेरफार पडलाच पाहिजे.”

मला स्वतःला ही कल्पना अत्यंत मोलाची वाटते, आणि तिच्यामागे या भूमीतला एक प्रघातही आहे. राजर्षी शाहू छत्रपतींनी १९०२ साली संस्थानाचे पाटबंधारे धोरण आखले तेव्हा प्रथम त्यांनी इरिगेशन ऑफिसरची स्वतंत्र जागा निर्माण केली आणि मुलखातल्या विहिरी-तलावांची पाहणी करविली. राधानगरीचे महाकाय धरण त्यानंतरचे. १९०९ च्या सुमारास त्याचे काम सुरू झाले, १९१८ मध्ये पैशांअभावी थांबले आणि स्वातंत्र्यानंतरच्या दशकात ते पूर्णत्वास गेले. आपल्यापाशी आहे काय, ते कोणत्या अवस्थेत आहे आणि त्यात काय भर घालणे शक्य आहे, हा प्रश्न त्या द्रष्ट्या राजाने नव्या बांधकामाच्या आधी विचारला, ही गोष्ट आजच्या कारभाऱ्यांनी मनन करण्याजोगी आहे.

परंतु मामा इतक्याने विरघळणारे नव्हते. त्यांची खरी भीती वेगळी होती आणि ती त्यांनी स्पष्ट बोलून दाखवली. “सात-बारा लिहा, मला आनंद आहे. पण तुम्ही लोक वहीवर थांबत नाही. वही एक झाली की तिजोरी एक करा म्हणता. आणि तिजोरी एक झाली की ज्या मत्तेचा आवाज मोठा तिच्याकडे पैसा जातो. २९ डिसेंबर २०२१ रोजी आपल्या धरणाचा एक दरवाजा दुरुस्तीच्या वेळी अडकून उघडा राहिला, भोगावतीला ऐन हिवाळ्यात पाणी आले, नदीकाठच्या गावांना इशारा द्यावा लागला. अशा प्रसंगी सगळे सरकार धावते, आणि धावलेच पाहिजे. रस्ता मात्र असा ओरडत नाही. तो आधी केसासारखा चिरतो. त्या वेळी नुसता सीलकोट दिला तर आणखी काही वर्षे निभतो. त्या वर्षी पैसा दुसरीकडे गेला, की चिरेतून पाणी खडीत उतरते, आणि मग सीलकोटाच्या कितीतरी पट खर्च करून मुळापासून खडीकरण करावे लागते. समस्त मत्तांच्या यादीत धरणाचा दरवाजा आणि एक केसाएवढी चीर शेजारी-शेजारी ठेवलीत, तर चिरेची पाळी कधी येणार?”

हा युक्तिवाद मला फार वजनदार वाटला. मामांनी त्याला जोड दिली ती ॲरिझोनाची. त्या राज्याने १९८० च्या सुमारास केवळ रस्त्यांच्या पृष्ठभागाची निराळी व्यवस्थापन-पद्धती अमलात आणली. कमाल गोलाबी, राम कुलकर्णी आणि जॉर्ज वे या तिघांनी तिचे विवरण १९८२ मध्ये प्रसिद्ध केले. आणि कोणत्या रस्त्याला कोणत्या वर्षी कोणता उपचार द्यावा हे गणिताने ठरवल्यामुळे पहिल्याच वर्षी त्या राज्याचे एक कोटी चाळीस लाख डॉलर वाचले. “त्यांनी धरणे आणि नळ त्यात घातले नव्हते,” मामा म्हणाले. “एक गोष्ट नीट केली. आपण रस्त्याचीच मोजणी धड करीत नाही, आणि सर्व मत्तांचे एकीकरण करायला निघालो. कोल्हापुरात ‘एकात्मिक’ या नावाने रस्त्यांचा एक प्रकल्प झाला होता, त्याचा शेवट आठवतो ना?”

आठवत नाही असा कोल्हापूरकर विरळा. शहरातल्या जवळजवळ पन्नास किलोमीटर रस्त्यांचा तो प्रकल्प; त्याच्या वसुलीसाठी बसवलेल्या टोलनाक्यांविरुद्ध प्रा. एन. डी. पाटील आणि गोविंदराव पानसरे यांच्यासारख्या ज्येष्ठांच्या नेतृत्वाखाली पेटलेला लढा; आणि २०१५ च्या अखेरीस तो टोल रद्द करण्याचा शासनाने केलेला निर्णय. भाचीने मात्र त्याचा अर्थ निराळा लावला. त्या वादात रस्त्याखालच्या जलवाहिन्या आणि कडेची गटारे यांचा प्रश्न पुनःपुन्हा निघत राहिला, याचे कारण, तिच्या मते, नावात एकात्मता असूनही करार प्रामुख्याने वरच्या पृष्ठभागाचाच होता, आणि जमिनीखालच्या मत्तांचा पूर्ण तपशील करारापूर्वी कोणी मांडलाच नव्हता. लोकांचा मूळ रोष टोलाच्या ओझ्यावर होता हे तिने नाकारले नाही. पण तो प्रकल्प एकीकरणाचा पुरावा म्हणून पुढे करणे तिला मान्य नव्हते. येथे मला तिचीच बाजू अधिक सरळ दिसते.

यानंतर बोलणे थेट पाइपलाइनवर आले. दूधगंगेवरच्या काळम्मावाडी धरणातून कोल्हापूर शहराच्या पुईखडीपर्यंत सुमारे ५३ किलोमीटर लांबीची, माणूस आत उभा राहू शकेल एवढ्या व्यासाची जलवाहिनी गेली दहा वर्षे या तालुक्याच्या बोलण्यात आहे. ती बहुतांशी रस्त्यांच्या कडेने जाते. तिला वनखात्याची, जलसंपदेची, बांधकाम खात्याची आणि जिल्हा परिषदेची परवानगी लागली. सोळांकूरच्या ग्रामस्थांनी गावातून ती नेण्यास दीर्घकाळ विरोध केला. आणि अखेर २०२३ च्या नोव्हेंबरात, दिवाळीच्या सुमारास, तिचे पाणी शहराला पोहोचले. कोल्हापूरकरांची अनेक वर्षांची मागणी पुरी झाली, याचा आनंद राधानगरीकरांनाही झाला, कारण तहानेच्या बाबतीत शहर आणि खेडे असा भेद कोणी सुज्ञ करीत नाही.

मामांनी या कामाकडे पाहिले ते अभियंत्याच्या डोळ्यांनी. “वाहिनी टाकणे हे काम अर्धे, चर भरणे हे उरलेले अर्धे,” ते म्हणाले. “माती पंधरा-वीस सेंटिमीटरच्या थरांनी भरायची, प्रत्येक थराला पाणी मारायचे, दाबायचे, मगच पुढचा थर. चरात सगळी माती एकदम लोटून वरून एकदा रोलर फिरवला तर आत पोकळी राहते. पहिल्या पावसात ती बसते. साईडपट्टी खाली जाते, डांबराची कड उघडी पडते, आणि समोरून गाडी आली म्हणून एसटीने एक चाक खाली उतरवले की कड तुटते. आमच्या हाताखालच्या मैलकुलीला हे कळत असे. त्याला चार-पाच मैलांची हद्द नेमून दिलेली असे. कोणत्या मोरीत पाचट अडकते, कोणत्या वळणावर डोंगराचा जांभा सुटतो, हे त्याला कोणत्याही वहीशिवाय ठाऊक असे. ती जागा रिकामी झाली ती पुन्हा भरली नाही. तुझा सात-बारा उद्या यंत्रावर चढेल, त्याला उपग्रहाचा नकाशा जोडला जाईल. पण पहिली नोंद करायला मोरीत वाकून पाहणारा माणूस कुठून आणणार?”

यावर भाची क्षणभर थबकली, आणि मग जे बोलली त्याने वादाचे स्वरूपच पालटले. “तो माणूस हवाच, मामा. तलाठ्यावाचून सात-बारा कुठे चालतो? मी तिजोरी एक करा असे म्हणणार नाही. रस्त्याच्या देखभालीचा पैसा रस्त्यालाच राखून ठेवा, त्यावर धरणाचाही हक्क नको. माझे मागणे दोन जागी एकत्र येण्याचे आहे. नोंद एक असावी, आणि वर्षाच्या कामांचा आराखडा ठरतो त्या बैठकीत सगळी खाती आपापली वही घेऊन एका मेजाभोवती बसावीत. पुढच्या दोन वर्षांत ज्या पट्ट्यात नळ जाणार आहे तिथे यंदा कारपेट घालायचे नाही, एवढे जरी तिथे ठरले तरी पुष्कळ आहे. महाडजवळ सावित्रीवरचा १९२८ सालचा दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात गेला आणि त्याबरोबर दोन एसटी गाड्या गेल्या. त्या पुलाचे वय कुणाला ठाऊक नव्हते असे नाही. पण पुलाचे वय, नदीच्या पुराचे पाणी आणि त्यावरून जाणारी वाहतूक या तिन्हींकडे एकत्र पाहणे ज्याचे कर्तव्य आहे असे एक आसन कुठे होते?”

सावित्रीचे नाव निघताच मामा गंभीर झाले, आणि मला वाटते त्या क्षणापासून त्यांचा विरोध तत्त्वाचा न राहता अटींचा झाला. रस्त्याचा निधी अलग राहावा. नोंद करणारा माणूस जागेवरचा असावा. आणि निरनिराळ्या मत्तांना एकाच गुणपत्रिकेने तोलण्याचा अट्टाहास नसावा, कारण डांबराची झीज डोळ्यांना दिसते तर नळाची झीज फुटेपर्यंत दिसत नाही. भाचीने यांतली शेवटची अट अर्धीच मान्य केली. न्यूझीलंडने १९९६ च्या कायद्याने स्थानिक संस्थांना दहा वर्षांचा आर्थिक आराखडा आणि मत्तांचा घसारा हिशेबात धरणे भाग पाडले, याचा दाखला देऊन ती म्हणाली, की मोजमापाची साधने वेगळी असली तरी दरसाल किती रुपयांची मत्ता झिजली हे मात्र रस्ता, नळ आणि बंधारा या तिन्हींचे एकाच चलनात मांडता येते, आणि आपल्या जमाखर्चाच्या पद्धतीत रस्ता बांधला की खर्च पडतो, पण तो झिजला तर कुठेही काही पडत नाही, हा दोष दूर केल्याविना कोणतीही नोंद कारभाऱ्यांना जागे करणार नाही.

एक मुद्दा मात्र दोघांनाही सुटला नाही, आणि माझ्या दृष्टीने साऱ्या प्रश्नाचे मर्म तिथेच आहे. वाहिनीसाठी रस्ता खणावयाचा झाला, तर खणणाऱ्याकडून पूर्ववत करण्याचा खर्च आगाऊ भरून घेतात. भाचीचे म्हणणे, ही रक्कम केवळ चर बुजवण्याच्या खर्चाची न धरता त्या पट्ट्याचे जे आयुष्य कमी झाले त्याचीही धरावी. दोन वर्षांपूर्वीच्या डांबरावर कुदळ मारणाऱ्याने दहा वर्षांच्या जुन्या डांबरावर मारणाऱ्यापेक्षा अधिक भरावे, म्हणजे खाती आपण होऊन आधी विचारपूस करू लागतील. मामांनी ते तत्काळ मानले, आणि मग विचारले, “पण भरलेली रक्कम त्याच किलोमीटरवर परत येईल, याची हमी कोण देणार? सरकारी खजिन्यात जमा झालेला पैसा कोणत्या चरासाठी आला होता हे खजिना लक्षात ठेवीत नाही.” भाचीपाशी याला नियमाचा आधार असलेले उत्तर नव्हते, तिने एवढेच सुचवले, की सात-बाऱ्यावर जसा बोजा चढतो आणि फिटल्याशिवाय उतरत नाही, तसे ते येणे त्या किलोमीटरच्या पानावर चढवावे आणि काम प्रत्यक्ष झाल्याचा दाखला जागेवरच्या माणसाने दिल्याखेरीज ते कमी करू नये. हा नियम तालुक्याच्या पातळीवर करता येईल की त्यासाठी मंत्रालयातूनच हुकूम यावा लागेल, यावर मामा आणि भाची यांचे एकमत झाले नाही. तो हुकूम निघावा, आणि राज्यमार्गांची पाळी येण्याआधी तो जिल्हा परिषदेच्या रस्त्यांना लागू व्हावा, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण ज्या वाटेने वाडीतली मुले शाळेला आणि आजारी माणसे दवाखान्यात जातात, तिच्यावरचा चर सर्वांत उशिरा भरला जातो.